अंतर तेवढंच, मग जाताना आठ तास आणि येताना सात का?

खिडकीवाली

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण उत्तर काही सापडेना.

लंडनचं हीथ्रो आणि न्यूयॉर्कचं जेएफके या दोन विमानतळांमधलं अंतर शोधत होते. एका साइटवर ५,५४० किमी, दुसरीवर ५,५५५ किमी, तिसरीवर ३,४५१ मैल आणि चौथीवर चक्क ३,००० मैल. विमानतळ काही जागचे हलत नाहीत, मग अंतर चार तऱ्हेचं कसं?

वेळेचं तर विचारूच नका. वेळापत्रकात न्यूयॉर्कला जाताना आठ तासांच्या आसपास, येताना सातच्या आसपास. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे आपण शाळेत घोकलंय. ताशी ९०० ने ५,५५० किमीला सहा तास दहा मिनिटं लागायला हवीत. एकही उत्तर जुळत नाही.

माझं मत असं की या साइटवर जी "प्रवासाची वेळ" छापलेली असते ती निव्वळ अंदाजपंचे. की मागे खरंच काही हिशोब असतो?

तिरकस

येताना उतार असतो.

झोपाळू

@तिरकस, नकाशात लंडन वर आणि न्यूयॉर्क खाली आहे. येताना चढ लागायला हवा. :)

निवृत्त_गणिती

चारही आकडे बरोबर आहेत, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत इतकंच.

३,००० हे नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १,८५२ मीटरचा. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग साधारण तेवढा भरतो, म्हणून वैमानिक आणि खलाशी आजही तोच धरून बसलेत. ३,४५१ हे जमिनीवरचे मैल. १.६०९ ने गुणा, दुसऱ्या साइटच्या आकड्याजवळ पोचाल.

खरी गंमत ५,५४० आणि ५,५५५ मध्ये आहे. पहिल्या साइटने पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गुळगुळीत गोल धरलीय आणि गोलावरचं अंतर काढायचं हॅवरसाइन सूत्र लावलंय. आत्ताच दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडलं. पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ४९.८२ अंश आला. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे झाले ५,५४०. दुसऱ्या साइटने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी धरलीय: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७. या मार्गासारख्या पूर्व-पश्चिम प्रवासात त्या चपटेपणामुळे अंतर जरासं वाढतं. गोल धरल्याने येणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या फारसा पुढे जात नाही, तेव्हा दोन्ही साइट प्रामाणिक आहेत.

शंकासुर

गणिती काका, पंधरा किमी म्हणजे विमानाला एक मिनिट. त्यावर एवढा काथ्याकूट?

निवृत्त_गणिती

काथ्याकूट नको असेल तर इथे काय करताय?

अक्षांश

काकांच्या उत्तराला जोड. हे सगळं अंतर "ग्रेट सर्कल"चं, म्हणजे गोलावरचा दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता. सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो आणि तिथेच लोक फसतात.

माद्रिद आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही विमानतळ साडेचाळीस अंश उत्तरेच्या आसपास, म्हणजे नकाशावर अगदी एका ओळीत. पट्टी ठेवून सरळ पश्चिमेला गेलात तर साधारण ५,९४० किमी भरतात. ग्रेट सर्कलने गेलात तर ५,७६०. विमान आधी उत्तरेला झुकतं, मध्यावर ४६ अंशांपर्यंत चढतं आणि मग खाली येतं. "उगाच वळसा घातला" असं वाटत असताना तुमचे पावणेदोनशे किमी वाचलेले असतात.

दोष मर्केटर या नकाशाकाराचा. त्याने १५६९ मध्ये नकाशा काढला तो जहाजांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं की नकाशावर सरळ रेष दिसावी, ही त्याची सोय. सर्वांत जवळचा रस्ता सरळ दिसावा असं त्याने कधी म्हटलंच नव्हतं.

मधली_सीट

पुढच्या सीटच्या पाठीवरच्या स्क्रीनवर ती वाकडी रेष बघत मी अख्खा प्रवास काढते, कारण खिडकी कधीच मिळत नाही. दर वेळी शेजारचं कुणीतरी विचारतं, "हा ग्रीनलंडकडे कशाला निघालाय?" आता हाच धागा दाखवीन.

फिरस्ती

पृथ्वीगोल असेल घरात तर दोन ठिकाणांवर बोटं ठेवून दोरा ताणून बघा. पोरांना दोन मिनिटांत कळतं, मोठ्यांना वेळ लागतो.

वातकुक्कुट

अंतराचं झालं, आता वेळेकडे वळू. एक तासाच्या फरकाचं उत्तर एका शब्दात देता येतं: वारा.

साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जोर धरतो आणि ताशी २०० किमीच्या वर सहज जातो. प्रवासी विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. हवा स्वतःच पूर्वेला धावत असेल तर तो वेग जमिनीवरच्या वेगात मिळवायचा, उलट जायचं असेल तर वजा करायचा. वाहत्या नदीतल्या होडीसारखंच.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर कियारा नावाचं वादळ होतं. तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता.

शंकासुर

१,३०० म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त! मग तो धडाका ऐकू यायला हवा होता ना?

वातकुक्कुट

नाही. ध्वनी हवेतून जातो, तेव्हा तुलना हवेशीच करायची. त्या विमानाचा हवेतला वेग नेहमीसारखाच, ध्वनीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचं काम वाऱ्याने केलं. बातम्यांनी मात्र "ध्वनीला मागे टाकलं" असे मथळे दिले, त्याला इलाज नाही.

अवांतर: हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्परांतो या, जगाची समाईक भाषा म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषेत लिहिला. जगाने अर्थातच वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर चाल करून गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना हा वारा तोंडावर लागला तेव्हा डोळे उघडले. तोवर जपान्यांनी त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले फुगे सोडून अमेरिकेपर्यंत पोचवायला सुरुवातही केली होती.

तिरकस

एस्परांतोत लिहिणं म्हणजे गुपित जपण्याचा सर्वांत सभ्य मार्ग.

कोरा_कागद

मला एक कळत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेलं की खालची पृथ्वी पूर्वेला सरकेल आणि न्यूयॉर्क आपणहून जवळ येईल. म्हणजे पश्चिमेला जाताना कमी वेळ लागायला हवा. उलटं कसं?

झोपाळू

कोरा_कागद यांनी नाव सार्थ केलं.

अक्षांश

झोपाळू, असं करू नका, प्रश्न चांगला आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने पूर्वेला पळतेय. हवा तिच्यासोबत फिरत नसती तर आपल्या सगळ्यांच्या तोंडावर कायम तेवढ्या वेगाचा वारा आला असता. हवाही फिरते, उड्डाणाआधी विमानही त्याच वेगाने फिरत असतं आणि वर गेल्यावर तो वेग कुठे सांडत नाही.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध अजिबात नाही, असंही नाही. विषुववृत्ताकडची गरम हवा वरच्या थरातून ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेला वळते. जेट स्ट्रीम असा घडतो. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणूनच पूर्वेला जाणारा लवकर पोचतो. तुमचा तर्क बरोबर दारापाशी आला होता, फक्त उलट बाजूने.

कोरा_कागद

धन्यवाद अक्षांश. झोपाळूंनी झोपावं.

रेवाकाठ

म्हणजे जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा. जाऊन-येऊन हिशोब बरोबरच म्हणायचा.

निवृत्त_गणिती

नाही हो रेवाताई, तिथेच मेख आहे. ५,४०० किमी अंतर आणि विमानाचा वेग ९०० धरा. वारा नसेल तर जाताना सहा, येताना सहा, एकूण बारा तास. आता ताशी १०० चा वारा आणा. एका बाजूला वेग १,०००, म्हणजे ५ तास २४ मिनिटं. दुसऱ्या बाजूला ८००, म्हणजे ६ तास ४५ मिनिटं. बेरीज १२ तास ९ मिनिटं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून तोटा कायम नफ्याहून मोठा.

रेवाकाठ

पण दोन्ही वेळा त्याच वाऱ्यातून कशाला जायचं? जाताना चुकवता येत नाही का?

डिस्पॅचवाला

बरोबर बोललात. काकांचं गणित कागदावर पक्कं आहे, पण आम्ही तसं करत नाही.

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांचे मार्ग आखणाऱ्या विभागात काढली. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचे ताजे अंदाज येतात आणि संगणक सर्वांत कमी खर्चाचा रस्ता काढतो. सर्वांत कमी अंतराचा नव्हे, हे ध्यानात घ्या. पूर्वेला जाणारं विमान दोन-तीनशे किमी जास्त उडून वाऱ्याच्या पट्ट्यात शिरतं, पश्चिमेला जाणारं तेवढाच वळसा घालून पट्टा टाळतं. उत्तर अटलांटिकवर तर हे रस्ते रोज नव्याने आखतात. पश्चिमेला जाणारे वेगळे, पूर्वेला जाणारे वेगळे. एका टोकाला कॅनडातलं गँडर, दुसऱ्या टोकाला ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक, या दोन नियंत्रण केंद्रांच्या मधला हा कारभार. काल ज्या रस्त्याने गेलात तो आज नसेलही.

आता खिडकीवाली ताईंचे सहा तास दहा मिनिटं. वेळापत्रकात जी वेळ छापतात ती हवेतली नसते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाची चाकं अडवणारे ठोकळे काढले की घड्याळ सुरू, दुसऱ्या टोकाला ठोकळे लागले की बंद. मध्ये काय काय येतं बघा. गेटपासून धावपट्टीपर्यंतची टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरून सावकाश जाणं, मोठ्या विमानतळावर वीस-पंचवीस मिनिटं सहज. मग ठरलेल्या वाटेनेच वर चढायचं, कधी सुरुवातीलाच उलट्या दिशेला. चढताना आणि उतरताना वेग ९०० नसतो. १०,००० फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६० किमी. शेवटी रांगेत उभं राहायचं, गर्दी असेल तर हवेतच गोल फिरायचं, एक फेरी साधारण चार मिनिटांची. आणि उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. यात अर्धा-पाऊण तास कुठे गेला ते कळत नाही.

शंकासुर

हे सगळं मान्य. पण कंपन्या मुद्दाम वेळ फुगवून सांगतात हे का लपवता? अर्धा तास उशिरा निघालेलं विमान "वेळेआधी पोचलो" अशी घोषणा करत उतरतं. मी स्वतः ऐकलंय. हा वक्तशीरपणा कागदावरचा. वेळापत्रकातच उशीर कालवून ठेवायचा आणि वर टाळ्या घ्यायच्या.

डिस्पॅचवाला

लपवत नाही, शंकासुर. पॅडिंग असतंच. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर ते विमान "वेळेवर" मोजतात. जो आकडा जाहीर होणार तो सुधारायचा प्रयत्न कोण करणार नाही?

पण दुसरी बाजूही ऐका. एकाच मार्गाची हवेतली वेळ रोज बदलते. आज सहा तास पाच, उद्या सहा चाळीस. छापायला मात्र अख्ख्या मोसमासाठी एकच आकडा लागतो. सरासरी छापली तर निम्म्या वेळा उशीर. म्हणून बहुतेक दिवस पुरेल असा आकडा निवडतात. त्यावर पुढची जोड-विमानं, कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास, गेटची वाटणी, सगळं टांगलेलं असतं.

शंकासुर

म्हणजे फुगवतातच. फक्त तुमच्याकडे कारण छान आहे.

मधली_सीट

आणि लवकर पोचून करायचं काय? गेटवर आधीचं विमान उभंच असतं. वीस मिनिटं लवकर उतरायचं आणि पंचवीस मिनिटं डांबरावर बसायचं. सगळे पट्टे सोडून उभे, मान वाकडी करून, आणि दार बंद.

वातकुक्कुट

डिस्पॅचवाले, तो कॉस्ट इंडेक्सचा मुद्दाही सांगा. बऱ्याच जणांना वाटतं विमान कायम पूर्ण वेगाने उडतं.

डिस्पॅचवाला

वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचं गुणोत्तर म्हणजे कॉस्ट इंडेक्स. वैमानिक तो आकडा यंत्रात भरतो आणि त्यावर वेग ठरतो. इंधन महाग असेल तर जरा सावकाश उडायचं. उशीर झाला असेल आणि जोड-विमान चुकणारे प्रवासी भरपूर असतील तर आकडा वाढवून थोडं पळवायचं. पळवून फार काही पदरात पडत नाही म्हणा. आठ तासांच्या प्रवासात दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर खूप.

यातच आणखी एक गोष्ट. जेट विमानं साठच्या दशकापेक्षा आज वेगाने उडत नाहीत, उलट थोडी सावकाशच. बोइंगचं ७८७ ध्वनीच्या ८५ टक्के वेगाने जातं, एअरबसचं ए३२० अठ्ठ्याहत्तरने. १९७३ च्या तेलसंकटानंतर वेगाचं वेड उतरलं ते उतरलंच.

फिरस्ती

पण कॉंकॉर्ड होतं ना! लंडनहून सकाळी साडेदहाला निघून न्यूयॉर्कला त्याच सकाळी ९:२५ ला. निघण्याआधी पोचायचं! ७ फेब्रुवारी १९९६ ला उलट दिशेने, न्यूयॉर्क ते लंडन, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. २००३ मध्ये सगळं संपलं.

झोपाळू

पावणेतीन तासांत माझी झोपही होत नाही. सात तासच बरे.

अक्षांश

वारा, वेळापत्रक सगळं आलं, पण रस्ताच बंद असला तर काय, हे कुणी लिहिलंच नाही. हल्ली वेळ बिघडवणारं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

हेलसिंकी ते टोकियो बघा. रशियावरून सरळ जाता यायचं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. विमानतळ तेच, साइटवरचं अंतर तेच. फिनएअरने काही उड्डाणं उत्तर ध्रुवावरून वळवली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही दिलं. यात इतिहासाची पुनरावृत्ती अशी की १९८३ मध्ये याच कंपनीने याच मार्गावर सोव्हिएत आकाश टाळायला डीसी-१० विमान ध्रुवावरूनच नेलं होतं, आणि तेव्हाही तेरा तासांच्या आसपासच लागत.

डोंगरही असतात. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच. म्हणून बहुतेक मार्ग तिबेटला वळसा घालतात. समुद्रावर वेगळी अडचण. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यावर किती वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे याची मर्यादा असते. पूर्वी ती साठ मिनिटं होती, १९८५ पासून १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली, पुढे आणखी वाढली. त्या काळी सरळ रेषेपेक्षा बेटांच्या आधाराने जाणारा वळसाच कायदेशीर होता.

वातकुक्कुट

अक्षांश यांच्या यादीत मी एक उलटं उदाहरण घालतो, यात अंतर वाढलं आणि वेळ कमी झाली. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकचा मार्ग सोडून विमान प्रशांत महासागरावरून, पूर्वेकडून नेलं. अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किमी आणि साडेसोळा तास. प्रशांतवरून सुमारे १५,३०० किमी आणि साडेचौदा तास. १,४०० किमी जास्त उडून दोन तास आधी, कारण वारा पाठीशी. आणि या दोन विमानतळांमधलं ग्रेट सर्कल अंतर विचाराल तर १२,४०० च्या जरा खाली! तीन आकडे, तिन्ही खरे.

खिडकीवाली

बाप रे. धागा काढला तेव्हा एवढं येईल असं वाटलं नव्हतं. डिस्पॅचवाले, अक्षांश, वातकुक्कुट आणि काका, चौघांनाही दंडवत.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. मग साइटवरचं ते अंतर कुणाच्या कामाचं? विमान त्या रेषेवर उडत नाही, वेळ त्यावरून निघत नाही. नुसती शोभा?

रेवाकाठ

मला एका ठिकाणी कामाला आलंय. युरोपीय संघाच्या नियमात उशीर किंवा रद्द झालेल्या उड्डाणाची भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किमीपर्यंत एक पायरी, मग ३,५०० पर्यंत, त्यापुढे तिसरी. आणि ते अंतर ग्रेट सर्कलनेच मोजायचं असं नियमात लिहिलंय. जोड-विमान असेल तर टप्प्यांची बेरीज करायची नाही, निघण्याचं ठिकाण ते शेवटचं ठिकाण असं सरळ अंतर धरायचं, हे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. माझा प्रवास पायरीच्या काठावर होता, कंपनीने खालची पायरी धरली होती. साइटवरचा आकडा छापून पाठवला आणि काम झालं.

डिस्पॅचवाला

आणि भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक नियामकाच्या नियमांत उड्डाण रद्द झाल्याच्या भरपाईच्या पायऱ्या ब्लॉक टाइमवर आहेत: एक तासापर्यंत, एक ते दोन, दोनच्या वर. एकीकडे अंतर, दुसरीकडे वेळ.

शंकासुर

थांबा. म्हणजे ब्लॉक टाइम फुगवला तर प्रवासी वरच्या पायरीत जातो! अखेर पॅडिंगचा एक फायदा सापडला.

निवृत्त_गणिती

खिडकीवाली, घरगुती ठोकताळा हवा असेल तर हा घ्या. अंतर भागिले ८००, त्यात अर्धा तास मिळवा. लंडन-न्यूयॉर्कला साडेसात तास येतात, म्हणजे तुमच्या सात आणि आठच्या बरोबर मध्ये. खूप लांबच्या प्रवासाला ८५० ने भागा. सिंगापूर ते न्यूयॉर्क, जगातलं सर्वांत लांब नियमित उड्डाण, १५,३५० किमीच्या आसपास. ८५० ने अठरा तास आणि वर अर्धा. वेळापत्रकातही अठराच्या वर पाऊण तासाच्या आसपासच असतं. पूर्वेला जाणार असाल तर थोडं कमी करा, पश्चिमेला असाल तर थोडं वाढवा.

फिरस्ती

काका, तुमचं सूत्र स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर लावून बघा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण, २.७ किमी. तुमच्या सूत्राने अर्धा तास, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा चांगला असला की मिनिटाच्या आत पोचल्याचीही नोंद आहे.

निवृत्त_गणिती

तिथे पोहत जा.

कोरा_कागद

अजून एक शंका, हसू नका. लंडनहून निघून न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ बघितली तर तीनच तास गेलेले दिसतात, परतताना बारा. यात वाऱ्याचा काही भाग आहे का?

अक्षांश

तो घड्याळाचा भाग. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे. आठातून पाच गेले तीन, सातात पाच मिळवले बारा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापतात. "एकूण प्रवास" असा वेगळा आकडा असतो, तोच बघत जा. वजाबाकीच्या फंदात पडायचं नाही, विशेषतः उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात त्या दिवसांत. युरोप आणि अमेरिका वेगवेगळ्या तारखांना घड्याळ बदलतात, त्यामुळे वर्षातले काही आठवडे तो फरक चार तासांचाही असतो.

सर्वांत अवघड प्रकार प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचा. स्वतंत्र सामोआ आणि अमेरिकन सामोआ, दोन्हींतलं अंतर दीडशे किमीच्या आत-बाहेर, विमानाला पाऊण तासही लागत नाही. पण २०११ च्या शेवटी स्वतंत्र सामोआने तारीखरेषेची बाजू बदलली. त्यांच्याकडे ३० डिसेंबर २०११ हा दिवस आलाच नाही. आता तिथून शनिवारी सकाळी निघालात की पलीकडे शुक्रवारी सकाळी उतरता.

झोपाळू

म्हणजे सोमवारी सकाळी उडालं की पुन्हा रविवार! पत्ता द्या, मी निघालो.

तिरकस

परत येताना एक दिवस कापतात, झोपाळू. व्याजासकट.

मधली_सीट

अंतर शोधताना अजून एक खबरदारी. शहराचं नाव टाकू नका, तीन अक्षरी कोड टाका. सिडनी दोन आहेत. ऑस्ट्रेलियातलं एसवायडी आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशातलं वायक्यूवाय. चुकून दुसऱ्या सिडनीचं तिकीट काढून तिथे पोचलेले प्रवासी बातम्यांत येऊन गेलेत. सॅन होजेचंही तेच, कॅलिफोर्नियातलं एसजेसी, कोस्टा रिकातलं एसजेओ. एका अक्षराचा फरक आणि देशच बदलला.

शंकासुर

विमान चार तासांतच उतरायला लागलं तरी शंका येत नाही का यांना?

मधली_सीट

आली असेल. पण मधल्या सीटवरून उठून विचारायचं कसं? दोन्ही बाजूंचे झोपलेले असतात.